चारशे वर्षं आणि सहा वर्षं

२६ नोव्हेंबर १९६९, बुधवार. दर बुधवारी पोप रोममध्ये आलेल्या भाविकांना भेटतात, चार शब्द बोलतात. त्या दिवशी पोप पॉल सहावे नव्या मिस्सेविषयी बोलले. मिस्सा ही कॅथलिकांची मुख्य उपासना, आणि चार दिवसांनी, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून, ती नव्या रूपात सुरू व्हायची होती. यापुढे लॅटिन ही मिस्सेची मुख्य भाषा राहणार नाही, असं पोपनी सांगितलं. या भाषेचं सौंदर्य आणि सामर्थ्य ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी हा मोठा त्याग आहे, ग्रेगोरियन गायनाचा बराचसा ठेवा आपल्या हातून जाणार आहे, आणि सर्वांत जास्त अस्वस्थ होणार आहेत ती श्रद्धाळू माणसं, हेही त्यांनी लपवलं नाही. शुभवार्ता सांगायला उभा राहिलेला माणूस असं बोलत नाही. ज्यांच्या सहीनं हा बदल होत होता, त्यांनाच काय जातंय याची पुरती जाणीव होती.

ज्यांनी जुनी मिस्सा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी ती जरा जवळून सांगायला हवी. पहाटेची वेळ. चर्चमध्ये वेदीवरच्या मेणबत्त्या आणि कोपऱ्यातला तांबडा दिवा, एवढाच उजेड. पाद्री वेदीच्या पायरीशी येऊन थांबतो. शेजारी नऊ-दहा वर्षांचा मुलगा गुडघे टेकून बसलेला. पाद्री लॅटिनमध्ये एक ओळ म्हणतो, मुलगा पुढची म्हणतो. मुलाला लॅटिन येत नाही. थोरल्या मुलांचं ऐकून ऐकून त्यानं सगळी उत्तरं पाठ केलेली असतात. मग पाद्री पायऱ्या चढतो आणि वेदीसमोर उभा राहतो. लोकांकडे त्याची पाठ असते, अशी तक्रार पुढे झाली. त्या काळी कोणाला ती पाठ वाटत नसे. पाद्री आणि लोक एकाच दिशेला तोंड करून देवासमोर उभे आहेत, असा त्याचा अर्थ होता. गाभाऱ्यात पूजा करणारा पुजारीही भक्तांकडे पाठ करूनच उभा असतो, आणि त्यात कोणी अपमान मानत नाही.

मधली मुख्य प्रार्थना पाद्री इतक्या हळू म्हणे की पहिल्या बाकावरही ती ऐकू जात नसे. त्या शांततेत घंटा वाजली की सगळ्यांच्या माना खाली झुकत. पाद्री भाकर डोक्यावर उचलून धरी, आणि तो मुलगा एका हातानं पाद्र्याच्या झग्याचं टोक सावरून दुसऱ्या हातानं घंटा वाजवी. बायकांच्या डोक्यावर पदर किंवा पांढरं वस्त्र, हातात जपमाळ. ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोक वेदीपुढच्या कठड्याशी ओळीनं गुडघे टेकत आणि तो थेट जिभेवर घेत. त्यासाठी मध्यरात्रीपासून पोटात पाण्याचा थेंबही गेलेला नसे. पाण्याची सूट मिळाली ती १९५३ साली. मयताच्या मिस्सेला पाद्री काळी वस्त्रं घाली आणि न्यायाच्या दिवसाचं ते धीरगंभीर लॅटिन गीत, ‘दिएस इरे’, म्हटलं जाई.

ही उपासना कोणा एकानं एका बैठकीत रचलेली नव्हती. तिचा गाभा सहाव्या शतकाच्या अखेरच्या पोप ग्रेगरींपर्यंत मागे नेता येतो. ट्रेंटच्या परिषदेनंतर पोप पायस पाचवे यांनी १४ जुलै १५७० रोजी एकच छापील मिस्साग्रंथ लागू केला, तेव्हाही दोनशे वर्षांहून जुन्या असलेल्या स्थानिक प्रथांना त्यांनी हात लावला नाही. म्हणून मिलानची अँब्रोसियन उपासना चालू राहिली, डॉमिनिकन संन्याशांची स्वतंत्र मिस्सा चालू राहिली. पुढच्या काळात पोपनी किरकोळ भर घातली, किरकोळ वगळलं. १५७० साली झोपी गेलेला माणूस १९५० साली चर्चमध्ये जागा झाला असता, तर त्याला आपण कुठे आहोत हे लगेच कळलं असतं.

सगळं आलबेल होतं असं मात्र नाही. बहुसंख्य लोकांना मिस्सेतला शब्दही कळत नव्हता. कित्येक पाद्री वीस मिनिटांत मिस्सा उरकत. वेदीवर एक चाललेलं असे आणि बाकांवर दुसरंच. लोक आपापली जपमाळ ओढत बसत. पोप पायस दहावे यांनी १९०३ सालीच लोकांच्या तोंडी ग्रेगोरियन गायन आणायचा आग्रह धरला होता. डावीकडे लॅटिन आणि उजवीकडे देशी भाषा अशी पुस्तकं युरोपात घरोघर पोहोचू लागली होती. १९५१ साली पुनरुत्थानाच्या सणाची जागरणाची मिस्सा सकाळवरून पुन्हा रात्रीवर आणली गेली. ही सुधारणा संथ होती, पण मुळाला धरून होती.

मग पोप जॉन तेविसावे यांनी जगभरच्या बिशपांची परिषद बोलावली. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं उद्घाटन झालं आणि ४ डिसेंबर १९६३ रोजी तिचा पहिला दस्तऐवज, उपासनेविषयीचा, २१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी संमत झाला. हा दस्तऐवज आज वाचला की आश्चर्य वाटतं. लॅटिनचा वापर राखावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. लोकभाषेला अधिक वाव द्यावा, हेही आहे. भाविकांना आपल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता यावेत, ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान असावं, असं आहे. पाद्र्यानं लोकांकडे तोंड करून उभं राहावं, असं त्यात कुठेही नाही. मत देणाऱ्या बिशपांना आपण जुन्या मिस्सेच्या निरोपावर शिक्का मारतो आहोत असं वाटलं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

दस्तऐवज बिशपांचा होता. अंमल समितीचा होता. १९६४ साली नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष होते कार्डिनल लेर्कारो, पण काम चालवणारे होते चिटणीस अन्निबाले बुग्निनी, हुशार आणि अविश्रांत. २६ सप्टेंबर १९६४ रोजी पहिला आदेश निघाला: ७ मार्च १९६५पासून मिस्सेचा मोठा भाग लोकभाषेत म्हणता येईल.

आदेश निघाला होता आणि अंमल सुरू व्हायचा होता, नेमक्या त्या मधल्या काळात पोप मुंबईत आले. आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषद २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ या काळात मुंबईत भरली होती. यजमान होते मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस, आणि लाखोंची गर्दी ओव्हल मैदानावर लोटली होती. भारताच्या भूमीवर पाय ठेवणारे पॉल सहावे हे पहिले पोप. ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना उद्धृत केली. पुढच्या पाच वर्षांत इथल्या चर्चमध्ये जे घडणार होतं त्याची चाहूल त्यात होती. तीन महिन्यांनी, ७ मार्चला, याच पोपनी रोममधल्या एका साध्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, जाऊन इटालियनमध्ये मिस्सा अर्पण केली.

तिथून पुढे वेग वाढत गेला. १९६५चे बदल अंगवळणी पडतात न पडतात तोच मे १९६७मध्ये नवे आदेश आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोमला जमलेल्या बिशपांना नव्या मिस्सेचा नमुना करून दाखवला गेला. मतदान झालं तेव्हा बिनशर्त होकार निम्म्याहून कमी जणांनी दिला. वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल हीनन यांनी तर तोंडावर सांगितलं की हे आमच्या धर्मग्रामांत आणलं, तर थोड्याच दिवसांत चर्चमध्ये बायका आणि मुलंच उरतील. तरीही ३ एप्रिल १९६९ रोजी नव्या मिस्साग्रंथावर पोपची सही झाली. सप्टेंबरात कार्डिनल ओत्ताव्हियानी आणि कार्डिनल बाच्ची यांनी पोपना पत्र लिहून गंभीर आक्षेप कळवले. त्यानं अंमल थांबला नाही. परिषदेच्या मतदानापासून ३० नोव्हेंबर १९६९च्या त्या रविवारपर्यंत जेमतेम सहा वर्षं होतात.

सामान्य माणसाच्या दृष्टीनं ही सहा वर्षं कशी गेली असतील? या रविवारी वाचन बदललेलं, पुढच्या वर्षी वेदी पुढे सरकलेली, त्याच्या पुढच्या वर्षी कठडा काढलेला. युरोप-अमेरिकेत कित्येक ठिकाणी संगमरवरी वेद्या फोडल्या गेल्या, पुतळे अडगळीत गेले. पाद्र्यांच्या हातात दरवेळी नवे सुटे कागद. मयताच्या मिस्सेतून ‘दिएस इरे’ गेलं. ख्रिस्तप्रसाद हातात द्यावा का, असं जगभरच्या बिशपांना विचारलं तेव्हा बहुसंख्यांनी नको म्हटलं, तरी ती प्रथा पसरतच गेली. ज्या आईनं मुलाला प्रसादाला दात लावायचा नाही असं शिकवलं होतं, तिला आता तोच प्रसाद तळहातावर घ्यायला सांगितलं जात होतं. कोणी तिला विचारलं नव्हतं. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत जास्त बोचतं ते हे.

सणांची दिनदर्शिकाही बदलली, आणि तिचा धक्का थेट गोव्याला पोहोचला. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं गोवा जिंकलं ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी, अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनच्या सणाला. म्हणून जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल तिच्या नावानं उभं आहे. १९६९च्या नव्या दिनदर्शिकेनं तिच्याविषयी ऐतिहासिक पुरावा नाही म्हणून तिचा सण सार्वत्रिक यादीतून वगळला. तिला परत यादीत जागा मिळाली ती २००२ साली. आशियातलं एक मोठं कॅथेड्रल जिच्या नावानं उभं, ती संत तेहतीस वर्षं यादीत नव्हती.

विरोधाचा आवाज सर्वांत आधी उठला तो लेखक-कलावंतांतून. इंग्लिश कादंबरीकार एव्हलिन वॉ १९३० साली कॅथलिक झाले होते. १९६२पासून ते या बदलांविरुद्ध लिहीत राहिले. १० एप्रिल १९६६, पुनरुत्थानाचा रविवार. सकाळी एका जेझुइट मित्रानं म्हटलेल्या लॅटिन मिस्सेला ते गेले आणि त्याच दिवशी घरी त्यांचा अंत झाला. पाच वर्षांनी, जून १९७१मध्ये रोमनं आदेश काढला की लोकांसमोर यापुढे नवीच मिस्सा म्हणायची. जुनी फक्त वृद्ध आणि आजारी पाद्र्यांना, तीही एकट्यानं. त्याला उत्तर म्हणून ६ जुलै १९७१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये एक निवेदन छापून आलं. कॅथेड्रलं पाडायचा हुकूम निघाला असता तर सुशिक्षित जग उठलं असतं. मग ज्या उपासनेनं ती कॅथेड्रलं उभी केली, असंख्य संगीतकारांना आणि कवींना स्फूर्ती दिली, ती मोडायला निघालात तर आम्ही गप्प का बसावं, असा त्याचा आशय. खाली सह्या होत्या ग्रॅहॅम ग्रीन, येहुदी मेनुहिन, आयरिस मर्डॉक, रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज आणि अगाथा ख्रिस्ती यांच्या. यातले बरेचजण कॅथलिक नव्हतेच. अँग्लिकन पंथाच्या दोन बिशपांचीही सही होती. कार्डिनल हीनननी निवेदन पोपपुढे ठेवलं. पोप सह्या वाचत गेले, अगाथा ख्रिस्तीच्या नावाशी थबकले आणि परवानगी दिली, असं सांगतात. ५ नोव्हेंबर १९७१ रोजी इंग्लंड आणि वेल्सपुरती, खास प्रसंगी, बिशपांच्या संमतीनं जुनी मिस्सा म्हणायची मुभा मिळाली. ती आजही ‘अगाथा ख्रिस्ती परवानगी’ म्हणूनच ओळखली जाते.

आपल्याकडे अशी निवेदनं निघाली नाहीत, आणि त्याला कारण आहे. वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला लोकभाषा ही नवी गोष्ट वाटायचं कारण नव्हतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, इथल्या लोकांची भाषा शिकला, आणि गोव्यातल्या साष्टीच्या नवख्रिस्त्यांनी आम्हाला पुराणांसारखं काहीतरी द्या म्हटल्यावर त्यानं ओवीछंदात ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ साली राशोलला छापलं गेलं. मग १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून मातृभाषा टाकावी. १७३६च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानानं लग्नातली हळद आणि दारची तुळस यांनाही बंदी घातली. अशा समाजाला ‘क्रिस्तपुराणा’नंतर साडेतीनशे वर्षांनी चर्च म्हणालं की आता वेदीवर मराठी चालेल, कोकणी चालेल. वसईच्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या तोंडची भाषा वेदीवरून ऐकताना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. तो आनंद खरा होता. हार्मोनियम आली, तबला आला, भजनाच्या चाली आल्या. गोव्यात जेझुइट पाद्री वास्को द रेगो यांच्यासारख्यांनी कोकणी गीतं रचून उपासनेला नवा कंठ दिला. मराठी आणि कोकणी येणं ही चूक नव्हती, तो उशिरा मिळालेला न्याय होता. चूक होती ती जुनं दार बंद करण्यात. दोन्ही सुखानं नांदू शकलं असतं.

२५ एप्रिल १९६९ रोजी रोमनं भारतासाठी बारा मुद्दे मंजूर केले. चपला काढून बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, मेणबत्तीच्या जागी समई, आरती, झग्याऐवजी अंगवस्त्र. चर्चच्या बंगलोरमधल्या उपासना केंद्रातून पाद्री अमलोर्पवदास यांनी त्याचा हिरिरीनं प्रसार केला. मुंबईत आणि मद्रासमध्ये कॅथलिक लोक संतापले. ही हिंदूंची पूजा आहे, असं म्हणू लागले. त्यांना मागास ठरवणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून पाहावं. हळद आणि तुळस टाका, ती परकी, असं त्यांच्या पूर्वजांना सांगितलं गेलं. ते त्यांनी ऐकलं, जाच सोसून ऐकलं, आणि लॅटिन आपलं केलं. आता तेच चर्च म्हणत होतं की लॅटिन परकं आणि आरती तुमची. चार शतकं जे पिढ्यान्‌पिढ्या तोंडात राहिलं ते आपलं होतंच. ते कुठून आलं हा प्रश्न तोवर संपलेला असतो.

हे सगळ्यात ठळक दिसतं ते गोव्याच्या संगीतात. गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असे, आणि तिथला मेस्त मुलांना सोल्फेज म्हणजे स्वरवाचन, व्हायोलिन आणि लॅटिन गायन शिकवी. शेतकऱ्याची, ताडी काढणाऱ्याची मुलं स्वरलिपी वाचत. रविवारच्या गायनमिस्सेला, प्रायश्चित्तकाळातल्या मोतेतांना, म्हणजे अनेक आवाजांतल्या धार्मिक गीतांना, व्हायोलिन आणि क्लॅरिनेट घेऊन हीच मुलं बसत. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या अशाच एका मेस्ताचा मुलगा म्हणजे अँथनी गोन्साल्विस, मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले मोठे व्हायोलिनवादक आणि संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात आहे ते त्यांचंच नाव. हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यमेळ उभा राहिला तो मोठ्या अंशी या चर्चशाळांच्या जोरावर. त्या शाळा मंदावल्या त्याला नुसती उपासना कारण नव्हती. १९६१ साली पोर्तुगीज गेले, इंग्रजी शाळा आल्या, लोक नोकरीसाठी बाहेर पडले. पण लॅटिन गायनमिस्साच राहिली नाही, तेव्हा मेस्तानं शिकवायचं कशासाठी? गिटार घेऊन साधी गीतं म्हणायला दहा वर्षांची तालीम लागत नाही.

लॅटिन पूर्ण गेलं मात्र नाही. चर्चच्या आदेशाच्या कक्षेबाहेर, गावातल्या क्रुसापुढे आणि घराच्या ओसरीवर, गोव्यात अजून लादाईन होते. मारियामातेची ही लॅटिन नामावळ. गावातलं कोणीतरी व्हायोलिन घेऊन उभं असतं, एक म्हातारा एकेक नाव उचलतो, आणि सगळे वेगवेगळ्या सुरांत, दोन-तीन आवाजांत उत्तर देतात. मग उकडलेले चणे आणि फेणी. ज्यांना लॅटिनचा एक शब्द समजावून सांगता येणार नाही ती माणसं ते सुरात म्हणतात, आणि जेव्हा जेव्हा ते ऐकावं तेव्हा समजत नसलं की भक्ती होत नाही हा सुधारकांचा युक्तिवाद मला अपुरा वाटतो.

पुढची गोष्ट वादांची आहे. फ्रेंच आर्चबिशप लेफेव्र यांनी १९७० साली आपला पाद्रीसंघ काढला, आज्ञा मोडून ३० जून १९८८ रोजी चार बिशप नेमले आणि बहिष्कृत झाले. त्यांनी जुनी मिस्सा जगवली हे खरं, पण ती बंडाशी जोडली गेली, आणि ज्यांना बंड नको होतं, नुसती आपल्या लहानपणची मिस्सा हवी होती, त्यांचं नुकसान झालं. १९८४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी अटी घालून थोडी मुभा दिली. ७ जुलै २००७ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जाहीर केलं की जुनी मिस्सा कधीच रद्द झालेली नव्हती. अडतीस वर्षं लोकांना ती बंद आहे असंच सांगितलं गेलं होतं. बेनेडिक्टच्या या घोषणेनंतर एक अनपेक्षित गोष्ट दिसू लागली: तिला येणारे म्हातारे नव्हते. जुन्या मिस्सेसाठी पॅरिसहून शार्त्रपर्यंत दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला पायी जाणारे हजारो यात्रेकरू बहुतेक तरुण असतात.

१६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ती मुभा मागे घेतली. जुन्या मिस्सेच्या आडून काहीजण परिषदच नाकारतात, चर्चमध्ये दुफळी माजते, असं त्यांचं म्हणणं, आणि काही ठिकाणी ते खरंही होतं. पण नियम सगळ्यांना लागू झाला. जुनी मिस्सा यापुढे धर्मग्रामाच्या चर्चमध्ये होणार नव्हती. डिसेंबरात रोमनं खुलासा केला: दुसरी जागाच नसेल तर चर्च वापरू द्यावं, पण धर्मग्रामाच्या मिस्सांच्या वेळापत्रकात ही मिस्सा देऊ नये, इतर कार्यक्रमांच्या वेळी ती ठेवू नये, आणि दुसरी जागा मिळताच परवानगी काढून घ्यावी. चर्चच्या दाराशी लावलेलं वेळापत्रक गावातल्या प्रत्येकासाठी असतं. ज्या मिस्सेत आपल्या आजी-आजोबांची लग्नं लागली आणि पणजोबांना निरोप दिला गेला, तिची वेळ त्या कागदावर लिहायला मनाई असावी, हे मला कसंही करून पटत नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये एक दुरुस्ती आली, आणि धर्मग्रामाचं चर्च अशा मिस्सेसाठी द्यायचा अधिकार स्थानिक बिशपांकडेही राहिला नाही. त्यासाठी रोमला लिहावं लागतं.